उरलेल्या कातडीचा दोष कुणाला?

चाळीस-पन्नास किलो वजन उतरवलेल्या माणसाचं कौतुक आपल्याकडे फार तर पंधरा दिवस टिकतं. मग कुणाचं तरी लक्ष दंडाखाली झुलणाऱ्या कातडीकडे जातं आणि सल्ल्यांचा रतीब सुरू होतो. घाई केलीस, हळूहळू उतरवायचं होतंस. तिळाच्या तेलानं मालीश कर. पाणी कमी पडतंय तुला. कोलॅजनची पावडर येते हल्ली, ती घेऊन बघ. हे सगळं करून कातडी जागची हलली नाही आणि त्या माणसानं शस्त्रक्रियेचा विषय काढला, की तेच आप्तेष्ट म्हणतात, आता हे चोचले कशाला?

पूर्वपक्ष खोडायचा तर आधी तो धडपणे मांडायला हवा. तो असा आहे: त्वचा मुळात लवचीक असते. बाळंतिणीचं पोट जागेवर येतं, मग बारीक झालेल्याचं का येऊ नये? ज्याचं येत नाही त्याची काही तरी पद्धत चुकली असणार. उपासमार केली असेल, नाही तर व्यायाम केला नसेल. आणि एवढं करूनही उरली थोडी कातडी, तर तो निव्वळ दिसण्याचा प्रश्न. त्यावर लाखभर रुपये घालवणं ही हौस, आणि हौसेचं बिल विमा कंपनीनं का भरावं?

यातली दोन टोकं वेगवेगळी दिसतात, पण ती एकाच गृहीतावर उभी आहेत. ते गृहीत असं की कातडी लोंबणं हा वजन उतरवण्याचा परिणाम आहे. म्हणून दोष उतरवणाऱ्याच्या पद्धतीचा, आणि पुढचा खर्च त्याच्या हौसेचा. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. लोंबणारी कातडी हा वाढलेल्या वजनाचा परिणाम आहे. फक्त तो चरबीखाली झाकलेला होता आणि चरबी गेल्यावर उघडा पडला. एवढं एक मान्य केलं की घरातले सल्ले आणि विम्याचे नकार यांचा पाया एकदमच सुटतो.

आधी शरीराचं बघू. कातडी म्हणजे रबर, ताणली तशी सोडल्यावर आवळेल, ही आपल्या मनातली उपमाच चुकीची आहे. याचा पुरावा प्लास्टिक सर्जननी स्वतःच्या हातानं निर्माण करून ठेवला आहे. 1957 साली अमेरिकेत न्यूमन या सर्जननं कानाची पुनर्रचना करण्यासाठी शेजारच्या कातडीखाली एक फुगा बसवला आणि तो हळूहळू फुगवत नेला. पुढे सत्तरच्या दशकात रॅडोव्हान यांनी ती पद्धत रुळवली. आज भाजल्याचे व्रण झाकायला ती सर्रास वापरतात. कातडीखाली सिलिकॉनची पिशवी ठेवायची, दर आठवड्याला तिच्यात थोडं थोडं सलाइन भरायचं, आणि दोनतीन महिन्यांनी पिशवी काढून घेतली की वरची जास्तीची कातडी कामाला येते. ही कातडी आवळून पूर्ववत झाली असती तर या शस्त्रक्रियेला अर्थच उरला नसता. सततच्या ताणाखाली त्वचेच्या पेशी विभागतात, तिचं क्षेत्रफळ खरोखर वाढतं. दोनतीन महिन्यांत वीतभर कातडी तयार होत असेल, तर पंधरा-वीस वर्षांच्या लठ्ठपणात किती होत असेल! ती कातडी त्या माणसाची आहे, जिवंत आहे, तिच्यात रक्त खेळतं आहे. उपवासानं चरबी जळते. कातडी जळत नाही.

उरला प्रश्न लवचीकपणाचा. त्वचेला परत खेचणारे धागे इलॅस्टिन नावाच्या प्रथिनाचे असतात. हे प्रथिन शरीर बव्हंशी गर्भावस्थेत आणि बालपणात तयार करतं, आणि तेच जवळपास जन्मभर पुरवायचं असतं. मोठेपणी ते तुटलं तर त्याची धड भरपाई होत नाही. मोठं वजन उतरवलेल्यांची शस्त्रक्रियेत काढलेली कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली आहे. कोलॅजनचे तंतू पातळ आणि विस्कटलेले, इलॅस्टिनचे धागे तुटके, असं चित्र तिथं दिसतं. म्हणूनच वय, लठ्ठपणा किती वर्षं होता, किती किलो उतरले, सिगारेट आणि आनुवंशिकता यांवर पुढचं बरंच अवलंबून असतं. पंचविशीतल्या मुलाची पंधरा किलोनंतरची कातडी बरीचशी आवळते. पन्नाशीतल्या बाईची साठ किलोनंतरची आवळत नाही. तिनं ते साठ किलो एका वर्षात उतरवले की तीन वर्षांत, यानं त्यात फारसा फरक पडत नाही.

हळू उतरवा हा सल्ला त्यामुळे वेडगळ ठरत नाही. झपाट्यानं वजन घटवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, चरबीबरोबर स्नायूही जातात, केस गळतात. सल्ला रास्त आहे, त्याला चिकटवलेलं कारण चुकीचं आहे. आणि त्या चुकीच्या कारणापायी दोष मात्र माणसाच्या माथी बसतो.

बाळंतिणीचा दाखला जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण मालीशवरची आपली सगळी श्रद्धा तिथूनच येते. सव्वा महिना बाळंतिणीला तेल लावतात, शेक देतात, जुन्या नऊवारीनं पोट बांधतात, आणि सव्वा महिन्यानंतर पोट खरंच उतरलेलं असतं. पण गर्भाशय आपण होऊन मूळ आकाराला यायला सहा आठवडेच लागतात. मालीशवाली रोज येते तेवढ्याच काळात निसर्गाचं काम पुरं होतं, आणि श्रेय तिच्या हाताला मिळतं. मालीशनं अंग हलकं होतं, झोप लागते, कुणी तरी मायेनं हात फिरवतं. एवढ्यासाठी ती जरूर करावी. शिवाय ते पोट नऊ महिने ताणलेलं असतं, तेही बहुधा तरुण वयात. वीस वर्षं लठ्ठपणानं ताणलेल्या पोटाला तो न्याय लावता येत नाही. आणि दोनतीन बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायका सांगतील की पोट बांधूनही कातडी पहिल्यासारखी झाली नाही. फक्त ते कुणी विचारत नाही.

क्रीमांचं एका परिच्छेदात आटोपू. त्वचेच्या वरच्या थरातून आत जायचं तर रेणू लहान लागतो. औषधशास्त्रात ढोबळ मर्यादा 500 डाल्टनची धरतात. कोलॅजनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा. तो डबीतून निघून कातडीवर बसतो आणि आंघोळीच्या पाण्यात जातो. पावडर प्यायलात तर आतडं तिचे बारीक तुकडे करतं, जसं ते डाळीच्या प्रथिनांचे करतं. क्लिनिकांतल्या रेडिओफ्रीक्वेन्सी यंत्रांचा थोड्याफार ढिल्या त्वचेवर थोडाफार परिणाम होतो. मांडीवर लोंबणाऱ्या पोटाच्या झोळीवर ती चालवणं म्हणजे गिऱ्हाइकाचा खिसा हलका करणं. वजनं उचलायच्या व्यायामाला मात्र मी या रांगेत बसवणार नाही. त्यानं दंड-मांड्या आतून भरतात, थोडी पोकळी बुजते आणि कमावलेलं आरोग्य टिकतं. पण जास्तीची कातडी त्यानं कमी होत नाही, हे प्रशिक्षकांनी आधीच सांगायला हवं.

आता ‘निव्वळ दिसण्याचा प्रश्न’ हा दुसरा भाग. असं म्हणणाऱ्यानं जूनमधल्या मुंबईत एक दिवस लोंबत्या कातडीच्या घडीसकट काढावा. पोटाची कातडी खाली लोंबून जांघेवर टेकते. तिच्या आत वारा जात नाही, घाम सुकत नाही. कातडीवर कातडी घासते. लोकलमध्ये तासभर उभं राहून बाई उतरते तेव्हा परकराची नाडी त्या ओल्या घडीत रुतलेली असते. पावसाळ्यात बोटांमध्ये चिखल्या होतात तशी तिथली कातडी पांढुरकी होऊन सोलते, मग लाल होते, मग बुरशी धरते आणि वास येऊ लागतो. करायचं काय, तर आंघोळीनंतर घडी उचलून मऊ मलमलीनं टिपायची, पंख्याखाली उताणं पडून सुकवायची आणि मध्ये सुती कापडाची पट्टी ठेवायची. पावडर थापली तर तिचा घामात लगदा होतो. हे काम दिवसातून दोनदा करावं लागतं, आणि ऑफिसच्या स्वच्छतागृहात ते करता येत नाही.

त्यात आपल्याकडे एक खास देशी संकट आहे. खाज आली की माणूस औषधांच्या दुकानात जातो आणि दुकानदार एक ट्यूब देतो. तिच्यात बुरशीवरचं औषध, प्रतिजैविक आणि जोरकस स्टेरॉइड असं सगळं एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, महिन्याभरात नायटा दुप्पट पसरतो. भारतभरातले त्वचारोगतज्ज्ञ गेली कित्येक वर्षं याविरुद्ध ओरड करत आहेत. घडीतली त्वचा आधीच पातळ, तिथं औषध जास्त मुरतं आणि स्टेरॉइड तिला आणखी पातळ करतं, वर ताणाचे नवे व्रण देतं. म्हणजे जी कातडी सैल म्हणून तक्रार होती, तिलाच हे औषध आणखी कमकुवत करतं. आगीतून फुफाट्यात याहून वेगळं काय!

सततचं घर्षण हे क्षुल्लक प्रकरण नाही, हे मुंबईलाच पूर्वी कळलं होतं. 1945 साली टाटा मेमोरियलचे वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. लोंबत्या कातडीला कर्करोग होतो असं यातून मला सुचवायचं नाही. तो प्रकार विरळा आणि वेगळा. पण एकाच जागी वर्षानुवर्षं घासली जाणारी कातडी आजारी पडते, हे सांगायला परदेशी दाखला लागत नाही.

समजा, खाज नाही, बुरशी नाही, फक्त दिसण्याचंच दुःख आहे. तरी ती हौस ठरते का? इथं पुण्याचीच गोष्ट सांगतो. टिपूबरोबरच्या 1792 च्या युद्धात इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा मराठा गाडीवान पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. साधारण वर्षभरानं पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी, देठ तसाच ठेवून, खाली वळवली आणि नाक पुन्हा घडवलं. ऑक्टोबर 1794 च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे चित्रासह छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात या घटनेचं नाव निघाल्यावाचून राहत नाही. नाक नसताना कावसजी श्वास घेत होताच की. त्याला नाक कशाला हवं होतं? चारचौघांत तोंड दाखवायला. त्याला कुणी चोचले म्हटल्याची नोंद नाही.

प्रतिपक्ष म्हणेल, कावसजीचं नाक दुसऱ्यानं कापलं, इथं माणूस आपल्या तोंडानं फुगला. हा खरा आक्षेप, बाकीचे त्याचे बुरखे. पण हा वाद विम्यापुरता तरी संपलेला आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणानं 2019 मध्ये आरोग्य विम्यातले अपवाद ठरावीक शब्दांत बांधून दिले. त्यातला सहावा लठ्ठपणाचा. प्रौढ माणसाचा बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा 35 वा त्याहून जास्त असून बेताल मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं असे गंभीर आजार सोबत असतील, साधे उपाय हरले असतील आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया त्या अपवादात येत नाही. तिथं कंपनी विचारत नाही की तुम्ही वडापाव किती खाल्ले. मग त्याच आजारानं मागे ठेवलेल्या कातडीपाशीच हा प्रश्न का उगवतो?

उगवतो तो आठव्या अपवादाच्या आडून. रूप बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही, असं तो सांगतो, आणि टीपीएचा, म्हणजे कंपनीच्या वतीनं दावे तपासणाऱ्या संस्थेचा, माणूस तिथंच वाचन थांबवतो. पण कलम पुढे चालू आहे. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्यातून सुटते, आणि प्रकृतीला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी लागणारा उपचारही सुटतो, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं प्रमाणित केलं तर. भाजलेल्याला तिथं कुणी विचारत नाही की स्टोव्ह कुणाच्या हलगर्जीनं भडकला.

शस्त्रक्रियेची वकिली करताना तिची दुसरी बाजू लपवणाऱ्यांतही मला जायचं नाही. एका कटिअस्थीपासून दुसऱ्यापर्यंत व्रण राहतो, आणि तो राहतोच. जखमेखाली पाणी साठतं, टाके उसवतात, पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. वजन घटवण्यासाठी केलेल्या जठराच्या बायपासनंतर प्रथिनं, लोह, बी-12 कमी पडलेलं असतं, ते आधी भरून काढावं लागतं. सिगारेट काही आठवडे आधीपासून बंद. वजन किमान सहा महिने स्थिर हवं. कातडी काढल्यावर वजन पुन्हा वाढत नाही असंही काही अभ्यासांच्या आधारे सांगतात. पण शस्त्रक्रियेपर्यंत पोचणारी माणसं मुळातच नेट धरून असलेली असतात, तेव्हा त्यावर मी फार भार देणार नाही. ज्याला कातडीचा त्रास नाही आणि खंतही नाही, त्यानं सुरीखाली जायचं काहीच कारण नाही. भारतात 2025 मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही आल्यापासून इंजेक्शननं वजन उतरवणारे वाढत आहेत. त्यांना पहिल्या चिठ्ठीबरोबरच हे सांगितलं गेलं पाहिजे की किलो उतरतील, पण कातडी कदाचित राहील, आणि राहिली तर ती तुमची चूक नसेल.

आणि ज्यांना त्रास आहे त्यांनी दुकानातली ट्यूब बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. प्रत्येक वेळी तारखेसह चिठ्ठी लिहून घ्यावी, घडीतल्या जखमांचे फोटो काढून ठेवावेत. कुठलं औषध किती आठवडे वापरलं आणि तरी आजार कसा उलटला, हे सर्जनकडून प्रमाणपत्रात स्पष्ट लिहून घ्यावं. सौंदर्य, आकार, सुबकपणा असे शब्द त्या कागदावर येऊ देऊ नयेत. घडीतला संसर्ग, व्रण, हालचालीतला अडथळा असंच लिहिलेलं हवं. दावा फेटाळला तर आठव्या कलमाचा उत्तरार्ध पत्रात उतरवून लेखी कारण मागावं, आणि तेही गोलमाल आलं तर तक्रार घेऊन विमा लोकपालाकडे जावं.