पेडलवरचा साबण

गेल्या रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये दीड तास जवळजवळ शीर्षासन केलं. म्हणजे डोकं स्टिअरिंगखाली, पाठ मॅटवर आणि पाय दाराबाहेर. निमित्त काय, तर गाडीच्या पेडलना लावायची चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची कव्हरं. ऑनलाइन मागवलेली, "सगळ्या गाड्यांना बसतात" असं खोक्यावर छापलेली. दूध आणायला निघालेले बाबा वाकून बघत म्हणाले, "काय रे, गाडीला पैंजण घालतोयस का?"

क्लच आणि ब्रेकची जुनी रबरं पाच मिनिटांत निघाली, नवी कव्हरं बसली. अ‍ॅक्सिलरेटरचं मात्र काही केल्या चढेना. मग व्हिडिओतल्या मुलाने सांगितलेली युक्ती केली. आतून साबणाचं पाणी लावलं आणि कव्हर सर्रकन बसलं! मी स्वतःवर जाम खूश. संध्याकाळी सोसायटीच्या गेटपाशी ब्रेकवर पाय नेताना बुटाची कड कशात तरी अडकली. वेग नव्हताच, गाडी थांबली, काही झालं नाही. वाकून पाहिलं तर सर्रकन बसलेलं ते कव्हर तितक्याच सर्रकन बोटभर खाली सरकून मॅटला टेकलं होतं.

रात्री झोप येईना, म्हणून पेडलांचा इतिहास वाचत बसलो. (हो, असाही इतिहास असतो.)

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आपल्याला उजवीकडून डावीकडे "ए, बी, सी" शिकवतात. अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक, क्लच. मला वाटायचं गाडीचा शोध लागला तेव्हापासून हे असंच असणार. साफ चूक. फोर्डची मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून जास्त बनल्या. तिलाही तीनच पेडल होती, पण उजवीकडचं ब्रेकचं, मधलं रिव्हर्सचं! आणि डावीकडचं? ते पूर्ण दाबलं की लो गिअर, अर्धं दाबलं की न्यूट्रल, सोडून दिलं की हाय गिअर. अ‍ॅक्सिलरेटर पायाशी नव्हताच, तो स्टिअरिंगच्या खाली उजव्या हाताला दांडीच्या रूपात होता. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा माणूस त्या गाडीत बसला आणि घाबरून सवयीने मधल्या पेडलवर पाय मारला, तर ब्रेक नाही, रिव्हर्स. सुरुवातीच्या गाड्यांत तर पेडलवर "सी", "आर", "बी" अशी अक्षरंच ओतलेली असायची. गोंधळ होऊ नये म्हणून दिलेलं ते लेबल.

गंमत म्हणजे माझा रविवारचा उद्योग त्याच गाडीइतका जुना निघाला. ती पेडल होती उघड्या धातूची, त्यात चिखलाचे बूट. मग त्यांवर चढवायची रबरं बाजारात आली. हाताच्या दांडीऐवजी पायाने अ‍ॅक्सिलरेटर दाबता यावा म्हणून जोडायचे संचही आले. सिअर्स रोबक कंपनीच्या कॅटलॉगमधून मॉडेल टीचं सामान पोस्टाने मागवायचं आणि घरी पाना घेऊन बसायचं. आमच्या सोसायटीचं पार्किंग आणि तेव्हाचं अमेरिकेतलं एखादं शेतघर, फारसा फरक नाही.

आजच्या मांडणीचं श्रेय सहसा १९१६च्या कॅडिलॅक टाइप ५३ला देतात. ही गाडी बनली एकच वर्ष, पण क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर या क्रमात तिघेही पायाशी आले ते तिच्यात. १९२२ साली ब्रिटनमध्ये ऑस्टिन सेव्हनने तोच क्रम घेतला, आणि ती स्वस्त गाडी भरपूर खपल्याने तो पसरला. तरी सगळे लगेच ऐकतात थोडेच? जुन्या बेंटलींत अ‍ॅक्सिलरेटर मधोमध असायचा. १९५४ साली शर्यतीत उतरलेल्या मझेराती २५०एफमध्येसुद्धा! आज तर अ‍ॅक्सिलरेटरची केबलही गेली. पेडलपाशी सेन्सर बसतो आणि तो कॉम्प्युटरला आकडा पाठवतो. आत सगळं बदललं, इंटरफेस तोच. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहेच :-)

पण क्रम ठरला म्हणून प्रश्न मिटला नाही. १९८६ साली सीबीएसच्या "६० मिनिट्स"ने ऑडी ५००० आपोआप उधळते असा कार्यक्रम केला. अमेरिकेत ऑडीची विक्री १९८५ मध्ये सुमारे ७४ हजार होती, ती १९९१ पर्यंत १२ हजारांवर आली. १९८९ साली सरकारी अहवालाने सांगितलं की लोकांचा पाय चुकीच्या पेडलवर पडत होता. पण पेडलांची ठेवण आणि इंजिनाचं अस्थिर आयडलिंग यांचाही त्याला हातभार लागला असावा, असंही त्याच अहवालात होतं. म्हणजे निव्वळ "युजर एरर" म्हणून हात झटकता येत नाहीत.

पुढचं प्रकरण वाचताना मात्र अंगावर काटा आला. ऑगस्ट २००९, कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो. दुरुस्तीच्या काळात वापरायला म्हणून डीलरने दिलेली लेक्सस. तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली, तीही हुकात न अडकवलेली. अ‍ॅक्सिलरेटर मॅटमध्ये अडकला आणि गाडीतले चौघे गेले. महिन्याभरात टोयोटाने ३८ लाख गाड्या परत बोलावल्या. उपाय काय केला? अ‍ॅक्सिलरेटरचा आकार बदलला, खालून आखूड केला. शिवाय बऱ्याच मॉडेलांत सॉफ्टवेअर बदललं: दोन्ही पेडल एकदम दाबलेली असतील तर ब्रेकचं ऐकायचं. इलेक्ट्रॉनिक्सवरही संशय होता, म्हणून नासाच्या इंजिनिअरांना तपासायला लावलं. २०११ मध्ये त्यांनी सांगितलं, तसा दोष सापडला नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. एप्रिल २०२४ मध्ये टेस्लाने ३,८७८ सायबरट्रक परत बोलावले. या ट्रकच्या अ‍ॅक्सिलरेटरवर धातूचं गुळगुळीत पॅड आहे. जोरात दाबलं की ते निसटून वर सरकायचं, वरच्या ट्रिममध्ये अडकायचं आणि पेडल दाबलेलंच राहायचं. ब्रेक दाबला की मोटरचा जोर तुटायचा, हे नशीब. पॅड निसटत का होतं? कंपनीनेच सरकारला कळवलेलं कारण असं: कारखान्यात पॅड पेडलवर नीट चढावं म्हणून मंजुरी न घेता एक वंगण वापरलं गेलं.

साबण.

रात्री दीड वाजता मी मोठ्याने हसलो. मग हसू थांबलं. त्यांनी पुढे काय केलं, तर पॅडमधून आरपार एक रिव्हेट मारलं.

रिव्हेट मारायचं यंत्र माझ्याकडे नाही. आणि मंगळवारी आईबाबा याच गाडीने घाट उतरून अलिबागला जाणार होते, गाडी बाबाच चालवणार होते. सोमवारी ऑफिसला जायच्या आधी पुन्हा तेच शीर्षासन. तिन्ही कव्हरं काढली, जुनी रबरं गरम पाण्यात मऊ करून परत चढवली. पाण्यात, फक्त पाण्यात. मॅट हुकात अडकवली. अ‍ॅक्सिलरेटर ओल्या फडक्याने चार वेळा पुसला, चौथ्या वेळीही फडकं पिळल्यावर थोडा फेस आलाच.

"पैंजण कुठे गेले रे?" बाबांनी विचारलं.

"टोचत होते," म्हटलं, आणि पाचव्यांदा पुसायला घेतलं.