अठरा तासांचे अंतर : भक्तपूरचा धडा

१/ भातकापणीच्या वेळी डोळ्यात कुसळ जाते. शेतकरी डोळा चोळतो, पाण्याचा हबका मारतो आणि पुन्हा कामाला लागतो. बुबुळावरच्या पारपटलावर पडलेला ओरखडा कुणाला दिसत नाही. मात्र त्यात जंतू शिरले की व्रण होतो, आणि व्रण भरून आला तरी मागे फूल उरते. असे फूल पडून गेलेली दृष्टी परत मिळवणे फार अवघड असते.

२/ मग व्रण होण्यापूर्वीच त्याला अडवता येईल का? नेपाळचे नेत्रतज्ज्ञ डॉ. मदन उपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काठमांडू खोऱ्यातील भक्तपूर येथे या प्रश्नाचा शोध घेतला.

३/ ८१ प्राथमिक नेत्रसेवकांनी ३४,९०२ लोकांवर दोन वर्षे लक्ष ठेवले. त्यांचे काम साधे होते : डोळ्याला इजा झालेला माणूस हेरायचा आणि तीनपैकी एका केंद्रावर पाठवायचा. तेथे नेत्रतज्ज्ञ तपासणी करीत. केवळ ओरखडा असेल, तर क्लोरॅम्फेनिकॉलचे १ टक्का मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस.

४/ निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. इजेनंतर ४८ तासांच्या आत आलेल्या ४४२ रुग्णांपैकी ४२४ जणांचे डोळे जंतुसंसर्ग न होता बरे झाले. खरा धडा मात्र तासांच्या हिशेबात होता.

१८ तासांच्या आत उपचार : २८४ रुग्ण, व्रण एकालाही नाही.
१८ ते २४ तास : १०९ पैकी ४.
२४ ते ४८ तास : ४९ पैकी १४.

५/ मलम तेच, मात्राही तीच. बदलला तो केवळ वेळ. मात्र मलम न दिलेला, तुलनेसाठीचा गट या अभ्यासात नव्हता. त्यामुळे अधिक काटेकोर कसोटी आवश्यक होती.

६/ ती कसोटीही नेपाळमध्येच लागली. १९८८ पासून गावोगावी काम करणाऱ्या महिला आरोग्य स्वयंसेविकांना ओरखडा ओळखण्याचे व मलम देण्याचे प्रशिक्षण मिळाले. २४ ग्रामविकास समित्यांपैकी निम्म्यांत ही सेवा होती, निम्म्यांत नव्हती. निष्कर्ष २०२२ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आले : व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

७/ म्हणून भक्तपूरचे आकडे खोटे ठरत नाहीत. ते केंद्रापर्यंत वेळेत पोहोचलेल्यांचे आहेत. २०२२ चे आकडे संपूर्ण गावांचे. जो दुखरा डोळा घेऊन घरीच बसला, तो पहिल्या हिशेबात नाही, दुसऱ्यात आहे. स्वयंसेविकेला ओरखडा ओळखायला शिकवता येते; पण कापणी अर्धी टाकून त्याच दिवशी तिचे दार ठोठावायचे, हे शेतकऱ्याला कोण शिकवणार?

(समाप्त)