युग म्हणजे जू

कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे सांगणारा संदेश आपल्यापैकी बहुतेकांनी वाचला असेल. त्याची परीक्षा करण्याआधी या कालगणनेतील मूळ शब्दाकडे, ‘युग’ या शब्दाकडे, पाहू.

युग म्हणजे जू. बैलांच्या मानेवर असते तेच. संस्कृत ‘युग’ प्राकृतात ‘जुअ’ झाले आणि मराठीत ‘जू’. लॅटिनमधील ‘युगुम’ आणि इंग्रजीतील ‘योक’ हे त्याचेच दूरचे भाऊबंद. जोडणे या अर्थाच्या ‘युज्’ धातूपासून हा शब्द आला. युग्म, युगुल, योग ही त्याच घरातील मंडळी. दोघांना एकत्र बांधणारे ते युग. त्यात लाखो वर्षांचा मागमूसही नाही.

ऋग्वेदात हा शब्द जू या अर्थाने येतो, तसाच पिढी किंवा कालखंड या अर्थानेही येतो. दीर्घतमा ऋषी दहाव्या युगात वृद्ध झाला, असा तेथे उल्लेख आहे. येथे युग लाखो वर्षांचे मानले, तर या ऋषीच्या वयाचे काय करायचे?

मग काळाला जुंपले कोणी? याचे सर्वांत स्वच्छ उत्तर लगधाच्या नावावर असलेल्या वेदांगज्योतिषात मिळते. तेथे युग अवघ्या ५ वर्षांचे आहे. सूर्य आणि चंद्र हे या गाड्याचे दोन बैल. दोघांच्या चाली वेगळ्या. पण १८३० दिवसांत ६० सौर मास होतात आणि ६२ चांद्रमास, म्हणजे २ अधिक मास धरले की दोघे पुन्हा एकत्र येतात. एक युग संपते, दुसरे सुरू होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या मराठी ग्रंथात या गणिताचे तपशीलवार विवेचन केले आहे. ते आजही मुळातून वाचावे असे आहे.

मात्र हे जू नीट बसत नव्हते. प्रत्यक्षात ५ सौर वर्षांचे दिवस १८२६ च्या आसपास भरतात आणि ६२ चांद्रमासांचे जवळजवळ १८३१. दर युगाला चार-पाच दिवसांची तफावत साचत जाई.

दरम्यान स्मृतिपुराणांत युगाचा आकार अफाट वाढला. कृत, त्रेता, द्वापर, कली हे ४ : ३ : २ : १ या प्रमाणात, एकूण १२,००० दिव्य वर्षे. दिव्य वर्ष म्हणजे ३६० मानवी वर्षे धरल्यावर ४३,२०,००० वर्षांचे महायुग तयार झाले. येथे युग ही धर्माच्या उतरणीची कथा आहे, वेधशाळेची वही नव्हे.

ज्योतिष्यांनी मात्र हाच आकडा उचलला आणि त्याला पुन्हा गाड्याला जुंपले. एक बैल ३ घटकांत फेरी पुरी करत असेल आणि दुसरा ४ घटकांत, तर दोघे आरंभस्थानी १२ घटकांनी भेटतात. बैल वाढले, चाली किचकट झाल्या, की भेटीचा काळ भराभर लांबतो. आर्यभटाला सूर्य, चंद्र आणि ग्रह या सर्वांच्या पूर्ण फेऱ्या एकाच काळात बसवायच्या होत्या. त्याच्या युगात सूर्याच्या ४३,२०,००० फेऱ्या, चंद्राच्या ५,७७,५३,३३६, गुरूच्या ३,६४,२२४ आणि शनीच्या १,४६,५६४. एकही अपूर्णांक नाही! युग येथे भागाकाराचा छेद झाले आहे. छेद जितका मोठा, तितकी गती बारकाईने सांगता येते.

आर्यभटाने युगाचे चार पाद सारखे, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांचे केले. उतरणीच्या कथेशी त्याला कर्तव्य नव्हते. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने यावरून त्याला स्मृतिविरोधी ठरवून झोडपले. (ब्रह्मगुप्ताची लेखणी अशा वेळी फारशी सभ्य राहत नाही.) पण मंदोच्च आणि पात यांच्या अतिमंद गतीही पूर्णांकांत बसवायच्या, तर महायुग अपुरे पडते. म्हणून ब्रह्मगुप्ताने १,००० महायुगांचा कल्प घेतला. ते ४३२ कोटी येथले.

आता त्या संदेशाकडे. ४३२ कोटी ही कल्पाची संपूर्ण लांबी आहे, पृथ्वीचे वय नव्हे. पूजेच्या संकल्पात आपण ज्या श्वेतवाराह कल्पाचा उच्चार करतो, त्यातील गेलेली वर्षे परंपरेनेच सुमारे १९७ कोटी मोजली आहेत. ४५४ कोटींच्या शेजारी ठेवायचाच, तर हा आकडा ठेवावा लागेल. मग जुळणी उरत नाही. पृथ्वीचे वय १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणांतील शिशाच्या मोजणीवरून काढले. ती वाट निराळी आणि हीही निराळी.

कलियुगाचा आरंभही याच गणनेत येतो. कलीची ३,६०० वर्षे सरली तेव्हा आपण २३ वर्षांचे होतो, असे आर्यभट सांगतो. ते वर्ष इ. स. ४९९, म्हणजे कलीचा आरंभ इ. स. पू. ३१०२. त्यानंतर १३५ वर्षांनी, ऐहोळे येथील मेगुती जिनालयाच्या भिंतीवर रवीकीर्तीने दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती कोरविली. तिन्ही महाराष्ट्रकांतील ९९,००० गावांवरील त्याच्या सत्तेचा उल्लेख असलेला हाच तो लेख. त्यात मंदिराचा काळ दोन प्रकारे दिला आहे : शकांची ५५६ वर्षे आणि भारतयुद्धापासून ३,७३५ वर्षे. ३,७३५ मधून ३,१०१ वजा करा, ६३४ उरतात. शके ५५६ चे इसवी सनातील वर्षही तेच.