पाणबुड्याचा श्वास ज्याच्यावर चालतो तो रेग्युलेटर : काम कसं करतो अन् बिघडतो कुठं

धरणात किंवा विहिरीत कुणी बुडालं की काठावर गर्दी होते, मग पथक येतं आणि पाठीवर नळकांडं बांधलेला माणूस पाण्यात उतरतो. बातमीत आपण लिहितो, 'ऑक्सिजन सिलिंडर लावून शोध सुरू'. हे चूक आहे, आणि ही चूक मीही केलेली आहे. त्या नळकांड्यात शुद्ध ऑक्सिजन नसतो. तुम्ही-आम्ही घेतो तीच साधी हवा, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन पाच-सहा मीटरच्या खाली गेलं तर झटके येऊन माणूस दगावू शकतो. त्यामुळं दवाखान्यातली टाकी उचलून विहिरीत उतरायचा विचारसुद्धा कुणी करू नये.

हा धंदा किती जोखमीचा आहे ते आपल्या जिल्ह्यानं बघितलेलं आहे. सप्टेंबर 2022 मध्ये माजलगाव धरणात बुडालेल्या डॉक्टरांचा शोध घेताना कोल्हापूरहून आलेल्या पथकातल्या जवानाचाच मृत्यू झाला होता. खाली गाळ, झाडंझुडपं, मच्छिमारांची जाळी, आणि हातभर अंतरावरचं दिसत नाही. अशा ठिकाणी माणसाजवळ भरवशाचं काय असतं, तर कमरेची दोरी आणि तोंडातला रेग्युलेटर.

घरच्या गॅसच्या टाकीवर रेग्युलेटर असतो. तो टाकीतला दाब कमी करून शेगडीला गॅस सोडतो. पाणबुड्याचंही काम तेच, पण दोन टप्प्यांत. सिलिंडरमध्ये दाब साधारण 200 बार असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात दीड-दोन बार असतो, यावरून अंदाज करा. सिलिंडरच्या तोंडावर बसणारा पहिला टप्पा हा दाब नऊ-दहा बारवर आणतो. तिथून नळी तोंडाकडं येते. तोंडातल्या डबीत रबराचा पातळ पडदा असतो. माणसानं श्वास ओढला की पडदा आत दबतो, एक दांडी हलते, झडप उघडते, हवा येते. श्वास सोडला की झडप बंद, आणि वापरलेली हवा दुसऱ्या रबरी झडपेतून बुडबुडे होऊन बाहेर. फ्रान्सच्या कुस्तो आणि गान्यां या दोघांनी 1943 मध्ये हे जमवलं. आजचे रेग्युलेटर त्याच तत्त्वावर आहेत.

खाली जाल तसा पाण्याचा दाब वाढतो, दर 10 मीटरला एक बार. रेग्युलेटर तेवढ्याच दाबाची हवा देतो, म्हणून छाती दबत नाही. पण हवाही तेवढीच जास्त लागते. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारला सुमारे 2400 लिटर हवा बसते. मिनिटाला 20 लिटर धरली तर वर ती दोन तास पुरेल, 10 मीटरवर एक तास, 20 मीटरवर चाळीस मिनिटं. दमलेला, घाबरलेला माणूस याच्या दुप्पटही ओढतो. शिवाय 50 बार शिल्लक असतानाच वर यायचं असतं.

आता भरवशाचं. हे यंत्र असं बनवलेलं आहे की बिघडलं तर सहसा हवा बंद पडत नाही, उलट भसाभसा सुटते. श्वास मिळत राहतो, पण सिलिंडर बघता बघता रिकामं होतं. खरं तर हवा संपणं, जाळ्यात अडकणं, घाबरणं यानंच जास्त जीव जातात. रेग्युलेटर दगा देतो तो बहुतेक वेळा देखभाल नसल्यामुळं.

समुद्रात मीठ हा वैरी. आपल्या माजलगाव, मांजरा धरणांत गाळ. बुडबुड्याच्या झडपेखाली मातीचा एक कण अडकला तरी श्वासाबरोबर तोंडात पाणी येतं. ठिबकचा फिल्टर धुतला नाही तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून वर आल्यावर स्वच्छ गोड्या पाण्यात रेग्युलेटर भिजवायचा, धुवायचा. त्याआधी पहिल्या टप्प्याचं टोपण कोरडं करून घट्ट लावायचं. धुताना डबीवरचं बटण दाबायचं नाही. दाबलं तर झडप उघडते आणि पाणी नळीतून थेट पहिल्या टप्प्यात जातं, आत गंज धरतो. मग सावलीत वाळवायचा, नळ्या न दुमडता ठेवायचा.

आणि वापरलाच नाही म्हणून चांगला आहे असं नसतं. वर्षातून दोनदाच निघणारं साहित्य पत्र्याच्या खोलीत पडून राहतं. उन्हाळ्यात तिथं रबर कडक होतं, वायसर चिरतात. फवारणी पंपाचं बघतोच की आपण. म्हणून बहुतेक कंपन्या वर्षाला एकदा किंवा ठरावीक बुड्यांनंतर तपासणी सांगतात. ओ-रिंग, झडपेची गादी, फिल्टर बदलायचं काम शिकलेल्या कारागिराचंच. पान्हा घेऊन घरी खोलायची ही वस्तू नाही. झडपेची गादी झिजली की मधल्या नळीतला दाब हळूहळू चढतो आणि तोंडाची डबी आपोआप फुसफुसायला लागते. ती फुसफुस ऐकू आली की रेग्युलेटर बाजूला ठेवायचा.

उतरण्याआधीच्या दोन तपासण्या काठावरच होतात. सिलिंडर बंद असताना तोंडात धरून ओढायचं. हवा आली तर कुठंतरी फट आहे. मग कॉक पूर्ण उघडून, काट्याकडं बघत चार-पाच श्वास घ्यायचे. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत येत असेल तर कॉक अर्धवट उघडा आहे किंवा फिल्टर तुंबलाय. असा सेट वर चालतो आणि खोलात गेल्यावर कमी पडतो.

पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा यात कधीच भरू नये. त्यात तेलाची वाफ असते, इंजिनाचा धूर ओढला गेला तर कार्बन मोनॉक्साईडही असतो, अन् त्याला वास नसतो.

सुट्टीत तारकर्ली-मालवणला स्कूबा करायला आपल्याकडची पोरं आता जातात. तिथं तोंडात रेग्युलेटर देतील तेव्हा तो शेवटचा कधी तपासला ते विचारा, दुसरी, पिवळ्या नळीची जादा डबी आहे का बघा. आणि वर येताना श्वास अजिबात रोखून धरू नका. खालची दाबाची हवा वर येताना फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं.