टॉवर कोणी बदलायचा?

जून १९४६मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात बेल कंपनीने मोटारीतल्या टेलिफोनची सेवा सुरू केली. शहरासाठी उंचावर एक दणकट ट्रान्समीटर, मोजकेच चॅनेल आणि कॉल जोडून देणारी ऑपरेटर, एवढाच पसारा होता. त्या ट्रान्समीटरच्या टप्प्यात आहात तोवर बोला, बाहेर पडलात की संभाषण संपले. दुसरा टॉवरच नव्हता, त्यामुळे कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचा, म्हणजे हँडओव्हरचा, प्रश्नही नव्हता.

तो उभा राहिला डिसेंबर १९४७मध्ये. बेल लॅब्जमधल्या डग्लस रिंग यांनी रे यंग यांच्या साहाय्याने एक अंतर्गत टिपण लिहिले. शहराचे षटकोनी तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याला कमी ताकदीचे केंद्र द्यावे आणि पुरेशा अंतरावरच्या तुकड्यांत तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरावी, अशी त्यातली कल्पना. आजचे मोबाइलचे सारे जाळे त्या टिपणावर उभे आहे. पण तुकडे पाडले की सीमा येतात. बोलता बोलता गाडी सीमा ओलांडेल तेव्हा चालू कॉल उचलून शेजारच्या केंद्राला द्यायचा, तोही दोन्ही बाजूंना कळू न देता. एवढ्या चपळाईने निर्णय घेणारे यंत्र १९४७ साली कोणाकडेच नव्हते.

मोबाइलचा इतिहास सांगताना लोक षटकोन सांगतात आणि ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मार्टिन कूपर यांच्या हातात असलेला मोटोरोलाचा फोन सांगतात. मला या दोहोंच्या मधला काळ अधिक मोलाचा वाटतो. १९६९मध्ये न्यूयॉर्क–वॉशिंग्टन मार्गावरच्या मेट्रोलायनर गाड्यांत पैसे टाकून बोलायचे फोन बसवले गेले. सुमारे ३६० किलोमीटरच्या त्या मार्गाचे नऊ पट्टे पाडले होते, त्यांत तेच चॅनेल आलटून पालटून वापरले जात, आणि पट्टा बदलताना कॉल सांभाळण्याचे काम फिलाडेल्फियातले संगणकीय केंद्र करी. गाडी रुळांवरूनच जाणार, म्हणजे पुढचा पट्टा कोणता हे आधीच ठाऊक. शहरातली मोटार मात्र कोणत्याही चौकात कुठेही वळते.

ही गाठ सोडवली ती रेडिओच्या नव्हे, टेलिफोन एक्सचेंजच्या माणसाने. एमॉस जोएल यांचे आयुष्य बेल लॅब्जमध्ये स्विचिंगच्या कामात गेले होते. डिसेंबर १९७०मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि मे १९७२मध्ये ते मंजूर झाले. फोन कोणत्या सेलमध्ये, म्हणजे तुकड्यात, आहे हे ओळखून, चालू संभाषणाची वाट एक्सचेंजमध्येच बदलायची आणि फोनला नवा चॅनेल द्यायचा, हा त्याचा गाभा. गाडी कितीही फिरो, कॉलचा मालक एक्सचेंजच राहतो. जोएल यांचे नाव मोबाइल वापरणाऱ्या अब्जावधी लोकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल, याची मला खरोखर खंत वाटते.

१९७८मध्ये शिकागोत चाचणी झाली आणि १३ ऑक्टोबर १९८३ रोजी तिथेच व्यावसायिक सेवा सुरू झाली. त्या व्यवस्थेत बिचाऱ्या फोनला काही विचारले जात नसे. त्याचा आवाज क्षीण होत चालला की केंद्र एक्सचेंजला कळवी, एक्सचेंज शेजारच्या केंद्रांना कान द्यायला सांगे, ज्याला सर्वांत स्पष्ट ऐकू येई त्याला कॉल मिळे. मग संभाषणाच्याच चॅनेलवर, आवाज क्षणभर बंद करून, फोनला हुकूम जाई: अमुक चॅनेलवर जा. त्या क्षणाची खटक कानाला जाणवे.

युरोपात घडलेल्या जीएसएम या पद्धतीने इथे मोठा पालट केला. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये तिची पहिली अधिकृत सेवा सुरू झाली, आणि १९९५मध्ये भारतात मोबाइल आला तोही याच पद्धतीचा. जीएसएममध्ये एका फ्रिक्वेन्सीवर आठ जण पाळीपाळीने बोलतात. प्रत्येक फोनला आपली पाळी सोडून मोकळा वेळ मिळतो, सेकंदाचे काही सहस्रांश, आणि तेवढ्यात तो आसपासच्या टॉवरचे सिग्नल मोजून घेतो. सर्वांत जोरदार अशा सहा शेजाऱ्यांपर्यंतचा अहवाल तो सेकंदातून साधारण दोनदा नेटवर्कला धाडतो. हुकूम अजून वरूनच येई, पण आता फोनची साक्ष घेऊन.

साक्ष मिळाली तरी वेळ कोणती साधायची, हा तिढा राहतोच. इमारती, झाडे, बसगाड्या यांमुळे सिग्नल सतत वरखाली होतो. शेजारचा टॉवर किंचित सरस दिसताच उडी घेतली तर फोन दोन टॉवरांमध्ये चेंडूसारखा टोलवला जातो, आणि फार थांबले तर हुकूम पोहोचण्याआधीच जुना टॉवर हातचा जातो. म्हणून दोन अटी घालतात: शेजारी ठरावीक फरकाने सरस हवा, उदाहरणार्थ ३ डेसिबल, म्हणजे जवळपास दुप्पट ताकदीचा, आणि तो फरक ठरावीक काळ टिकायला हवा. फोर-जीमध्ये हा काळ शून्यापासून पाच सेकंदांच्या थोड्या पुढपर्यंत ठेवता येतो. पाचशे मीटरचा सेल पायी जाणारा सहा-सात मिनिटांत ओलांडतो, ताशी ७२ किलोमीटरने धावणारी लोकल २५ सेकंदांत. रुळालगतच्या टॉवरला बाजारपेठेतल्या टॉवरची वेळ लावली तर गाडीतल्या माणसाचा कॉल कट होणारच. हे आकडे निवडण्यात रेडिओ इंजिनिअरची खरी पारख लागते.

जीएसएम आणि फोर-जी यांच्या मधल्या काळात एक वेगळीच वाट निघाली. क्वालकॉम कंपनीने पुढे आणलेल्या सीडीएमए पद्धतीमध्ये शेजारी टॉवर एकच फ्रिक्वेन्सी वापरत असल्याने फोन एकाच वेळी दोघांशी बोलू शकत होता. नवे नाते पक्के झाल्यावर जुने सोडायचे, त्यामुळे तुटण्याचा धोका कमी. थ्री-जीने ही रीत घेतली. पण एका माणसासाठी दोन टॉवरांची शक्ती खर्च होई. फोर-जीने ती सोडली आणि टॉवरांनाच एकमेकांशी थेट बोलायला शिकवले: वाटेत असलेला डेटा जुना टॉवर नव्याकडे पाठवून देतो.

फाइव्ह-जीच्या २०२०मध्ये पक्क्या झालेल्या नियमांत परवानगी आधीच देऊन ठेवण्याची सोय आली. सिग्नल चांगला असतानाच नेटवर्क फोनला सांगून ठेवते की अमुक टॉवर तयार आहेत, अमुक अट पुरी झाली की तू जा. अट कधी पुरी झाली हे फोन पाहतो आणि नव्या हुकमाची वाट न पाहता निघतो. पुढे २०२२च्या नियमांत उपग्रहांचीही भर पडली. तिथे माणूस घरात स्वस्थ बसलेला असतो आणि डोक्यावरचा उपग्रह सेकंदाला सात-साडेसात किलोमीटरच्या वेगाने निघून जातो. उपग्रहाची वाट आधीच गणिताने ठाऊक असते. म्हणून तिथे सिग्नल मोजण्याच्या जोडीला घड्याळ आणि जागाही धरली जाते: अमुक वेळेला, अमुक अंतरावर, पुढचा उपग्रह पकड.