गावची प्राथमिक शाळा : काल आणि आज

एखाद्या गावाची प्रगती मोजावयाची असेल, तर त्या गावच्या प्राथमिक शाळेचा हजेरीपट पाहावा. रस्ते, वीज, पाणी यांची योग्यता मोठीच आहे. परंतु या सोयींचा योग्य उपयोग करणारा माणूस घडतो तो पहिली ते चौथीच्या वर्गांत. ज्या धर्माच्या पवित्र ग्रंथाच्या अवतरणाचा पहिला शब्दच ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’ असा आहे, त्या धर्माच्या अनुयायांना शिक्षणाचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नसावी. तथापि ही शाळा आपल्या दारी कशी आली, हे नव्या पिढीस ठाऊक असणे आवश्यक आहे. कारण जे विनासायास मिळाले असे वाटते, त्याची किंमत राहत नाही.

या इतिहासाचा प्रारंभ पुण्यात शोधावा लागतो. इ. स. १८४८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी जोतीरावांस लिहिलेल्या १८५६ च्या एका पत्रात ‘फातिमा’ हे नाव येते. आपल्या गैरहजेरीत फातिमेवर कामाचा भार पडत असेल, अशी काळजी त्यात व्यक्त झाली आहे. फातिमा शेख यांच्याविषयी कागदोपत्री माहिती फारच थोडी मिळते. पण ज्या काळी मुलींनी पाटी हाती धरणे हे पाप समजले जाई, त्या काळी या कार्यात एक मुस्लिम भगिनी होती, एवढी नोंदही आपल्या मुलींना धीर देणारी आहे.

पुढे १८८२ साली हंटर आयोगासमोर जोतीरावांनी निवेदन दिले. सरकार शेतकऱ्यांकडून कर घेते आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर करते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. याच आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला आणि त्यासाठी खास उत्तेजन देण्याची शिफारस केली. त्यापूर्वीच, १८७४ मध्ये, मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी प्रभृतींनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली होती. म्हणजे सरकारकडे मागणी करणे आणि समाजाने स्वतः पुढे येणे, हे दोन्ही प्रयत्न एकाच वेळी चालू होते.

सक्तीच्या शिक्षणाचा विचार प्रत्यक्षात आणण्याचा मान मात्र आपल्या नाशिक जिल्ह्याच्या एका सुपुत्राकडे जातो. मालेगाव तालुक्यातील कौळाणे या गावी १८६३ मध्ये गोपाळराव नावाचा मुलगा एका शेतकरी कुटुंबात जन्मला. १८७५ साली तो बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि त्याच्या शिक्षणाला खऱ्या अर्थाने तेथेच सुरुवात झाली. तेच महाराज सयाजीराव गायकवाड होत. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात व १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. उशिरा शाळा भेटलेल्या मुलाने लाखो मुलांना वेळेवर शाळा मिळवून दिली, हा धडा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

ब्रिटिश मुलखात नामदार गोखले यांनी १९११ मध्ये असेच विधेयक मांडले. मझहरुल हक यांच्यासारख्या सभासदांनी त्यास पाठिंबा दिला. तरीही ते नामंजूर झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचा कायदा केला. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड त्यात होता. १९०६ साली त्यांच्याच पुढाकाराने कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था उभी राहिली व वसतिगृहाची सोय झाली, हे उपकार विसरण्याजोगे नाहीत.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यातील शाळा त्यांच्याकडे गेल्या. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे राज्यघटनेचे कलम ३५० अ सांगते. उर्दू शाळांना त्याचा मोठा आधार आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्यासंबंधीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. फुल्यांच्या निवेदनापासून या दिवसापर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे गेली.

आता आजचे चित्र पाहू. आपल्याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळी या आदिवासी पाड्यावरील जिल्हा परिषदेची शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते. तेथील मुले दोन्ही हातांनी लिहितात, शंभराच्या कितीतरी पुढचे पाढे म्हणतात. साधने तुटपुंजी असली तरी शिक्षकाची तळमळ आणि पालकांचा विश्वास एकत्र आल्यास काय घडते, याचे हे जिवंत उदाहरण होय. उलट, इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीच्या मुलांवर २०२३ मध्ये निराळीच वेळ आली. धरणामुळे विस्थापित झालेल्या या वस्तीची शाळा बंद झाली, तेव्हा मुले बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर चालत गेली. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ ही त्यांची घोषणा होती. शाळा नसेल तर गुरे राखणेच नशिबी येणार, हे त्या लहानग्यांनी अचूक ओळखले होते. त्याच वर्षी वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला. पट घसरला की गावची शाळा धोक्यात येते, हा त्याचा सरळ अर्थ आहे.

यातून पालकांनी काय बोध घ्यावा? २००९ च्या कायद्याने सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक केले. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. ही समिती केवळ सह्यांपुरती राहू देऊ नये. आयांनी सभेला जावे, शिक्षक किती आहेत, पोषण आहार कसा आहे, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे की नाही, हे विचारावे. शाळा उर्दू असो वा मराठी, मुलामुलींना दोन्ही भाषा उत्तम याव्यात, याकडे लक्ष द्यावे. राज्याच्या २०२० च्या कायद्याने मराठी हा विषय सर्वच शाळांत सक्तीचा आहेच. कामाच्या हंगामात किंवा घरच्या लग्नकार्यात मुलीची शाळा सर्वप्रथम बुडते, ही रीत मोडावयास हवी.

विद्यार्थी मित्रांनो, एके काळी मूल शाळेत न घातल्यास दंड भरावा लागे. आज तो दंड कोणी वसूल करीत नाही. परंतु न शिकलेले मूल तो जन्मभर भरीत राहते. तेव्हा उद्या हजेरी घेतली जाईल त्या वेळी आपले व आपल्या धाकट्या बहिणीचेही नाव पुकारले जावे आणि दोघांनीही ‘हजर’ म्हणावे, एवढीच अपेक्षा.