शाळेची किल्ली कोणाच्या कमरेला?

चार्टर म्हंजे सनद. सरकारनं एखाद्या खाजगी मंडळाला लिहून द्यायचं : शाळा तुम्ही चालवा, पोरामागं ठरलेली रक्कम आम्ही देतो. फी नाही. जागांपेक्षा पोरं जास्त आली तर सोडत. मास्तर कोण नेमायचा, शाळा किती तास भरवायची, हे मंडळ ठरवणार. बदल्यात निकाल दाखवायचा, नाहीतर सनद रद्द. अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांत अशा शाळा गेल्या तीस-पस्तीस वर्षांत फोफावल्या. महाराष्ट्र सरकारनंही सप्टेंबर 2023 मध्ये 'दत्तक शाळा' योजना काढली. सरकारी शाळा उद्योगवाल्यांनी दत्तक घ्यायची, शाळेच्या नावाला देणगीदाराचं नाव जोडायचं. म्हणून दोस्तांनो, तिकडचा इतिहास आपल्या नजरेनं वाचला पाहिजे. जोतीरावांनी 1873 ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना. 1972 ला आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं तेही तिथूनच. नातं जुनं आहे.

गोष्ट 1968 पासून धरू. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ओशन हिल-ब्राउन्सव्हिल ही काळ्यांची आणि पोर्टो रिकन लोकांची गरीब वस्ती. पोरं नापास होत होती. पालक म्हणाले, आमच्या शाळा आम्हीच चालवणार. प्रयोग म्हणून त्यांना निवडून दिलेलं स्थानिक मंडळ मिळालं. मंडळानं काही शिक्षकांना, त्यातले बहुतेक गोरे, वस्तीबाहेर पाठवायचं ठरवलं. झालं! शिक्षक संघटनेनं अख्ख्या शहरात संप पुकारला. छत्तीस दिवस शाळा बुडाल्या. पुढारी होते अल्बर्ट शँकर. नोकरीच्या हक्काचा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण पुढं नव्या कायद्यानं हा प्रयोग गुंडाळला, वस्तीच्या हातातली किल्ली गेली.

इतिहासाची गंमत बघा. वीस वर्षांनी, 1988 साली, याच शँकरनी जाहीर भाषणात सनदी शाळेची कल्पना उचलून धरली. त्यांच्या डोक्यात शिक्षकांनी चालवलेली छोटी प्रयोगशाळा होती. 1991 ला मिनेसोटा राज्यानं पहिला कायदा केला, 1992 ला सेंट पॉलमध्ये पहिली शाळा उघडली. पण शँकरना पाहिजे होतं तसं झालं नाही. कल्पना शिक्षकांच्या हातून निसटली आणि धनिकांच्या हाती गेली.

1994 ला ह्यूस्टनमध्ये डेव्ह लेव्हिन आणि माइक फाइनबर्ग या दोन तरुण गोऱ्या मास्तरांनी पाचवीचा एक वर्ग घेऊन 'किप' सुरू केलं. सकाळी साडेसातपासून पाचपर्यंत शाळा, काही शनिवारी शाळा, उन्हाळ्यातही शाळा. रात्री अभ्यास अडला तर मास्तरला फोन करायचा. गरिबाची पोरं गणितात पुढं जायला लागली. 2000 साली गॅप या कपड्याच्या कंपनीच्या फिशर कुटुंबानं पैसा ओतला. आज किपच्या दोनशेच्या वर शाळा आहेत. 2006 ला हार्लेममध्ये 'सक्सेस अकॅडमी' निघाली, तिचे निकाल श्रीमंत उपनगरांच्या तोडीचे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो केंद्रानं 2015 ला 41 शहरी भागांचा हिशोब मांडला : सनदी शाळेतलं पोर वर्षाला गणितात सुमारे 40 दिवसांच्या आणि वाचनात 28 दिवसांच्या शिक्षणाइतकं पुढं जातं. हे नाकारून चालणार नाही. निकाल खरा आहे. पोराला वाचता येणं ही चळवळीची पहिली मागणी आहे.

पण निकाल कसा येतो तेही बघा. 2015 ला न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं की सक्सेसच्या एका शाळेत नको असलेल्या 16 पोरांची यादीच केलेली होती. काळ्या पोरानं मान कुठं वळवायची, हात कुठं ठेवायचे, हे गोऱ्या मास्तरनं ठरवायचं. 'कष्ट करा, चांगलं वागा' अशा अर्थाचं किपचं घोषवाक्य होतं. 2020 मध्ये किपनंच ते मागं घेतलं. नुसतं चांगलं वागून वर्णद्वेष मोडत नाही, हे त्यांना कळायला पंचवीस वर्षं लागली.

सगळ्यात मोठा धडा न्यू ऑर्लिन्सचा. 2005 ला कॅटरिना वादळानं शहर बुडालं. राज्य सरकारनं बहुतेक शाळा ताब्यात घेतल्या, पुढं त्या सनदी मंडळांना दिल्या. सात हजारांवर कर्मचारी कमी केले. शिक्षकांत बहुसंख्य काळे, त्यातही बाया जास्त. शहरातला काळा मध्यमवर्ग याच नोकऱ्यांवर उभा होता. पुढं परीक्षेचे गुण वाढले, हेही खरं. पण पोरगं पास झालं आणि त्याची मास्तरीण आई घरी बसली, याला उद्धार म्हणायचं का?

काळ्यांमध्येही यावर दोन तट आहेत. 2016 ला एनएएसीपी या त्यांच्या जुन्या संघटनेनं नव्या सनदी शाळा थांबवा असा ठराव सिनसिनाटीत केला, तेव्हा मेम्फिसहून आलेले काळे पालकच दारात निषेध करत होते. हॉवर्ड फुलर बघा. 1969 ला डरहममध्ये माल्कम एक्स लिबरेशन युनिव्हर्सिटी काढणारा हा लढवय्या पुढं मिलवॉकीत सनदी शाळांचा कैवारी झाला. ज्याचं पोर आज पहिलीत आहे, त्याला क्रांती होईपर्यंत थांब असं कसं सांगणार? म्हणून त्या पालकांना शिव्या देऊ नका.

तिसरी वाटही होती. ओकलंडमध्ये ब्लॅक पँथरांनी 1973 पासून स्वतःची शाळा चालवली. एरिका हगिन्स तिच्या संचालिका. पोरांना जेवण, वाचन, गणित आणि स्वतःचा इतिहास. ती 1982 ला बंद पडली. चळवळ विस्कटली की तिची शाळाही टिकत नाही. बाबासाहेबांनी 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 ला मुंबईत सिद्धार्थ, 1950 ला औरंगाबादेत कॉलेज. हार्लेमला लागून असलेल्या कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला परक्याच्या मेहेरबानीवर विसंबायचं नव्हतं. संस्था आपली पाहिजे, आणि दर्जाही पाहिजे. यातलं एकच मागणारा अर्धंच मागतो.

तेव्हा तुमच्या वस्तीतली शाळा कोणी दत्तक घ्यायला आला तर फळ्यावरचं नाव वाचून परत फिरू नका. आत जाऊन विचारा : मंडळावर वस्तीतले किती? मास्तर कोण नेमणार? आरक्षण पाळणार की नाही? काढून टाकलेलं पोर कुठं जाणार? निकाल दाखवा म्हणा, आणि किल्लीही दाखवा म्हणा.

जय भीम.